सासूबाईंच्या गोळ्या मला चालतील का?

प्रश्न : वय ४२. दोन महिने झाले, सकाळी दोन्ही हातांची बोटं आखडतात, पेरं सुजतात. तासभर तरी भाकरीचं पीठ मळता येत नाही. सासूबाईंचे (६८) गुडघे दुखतात, म्हणून त्यांच्याच दुखण्याच्या गोळ्या घेते. चालेल ना? – एक वाचक, कराड

उत्तर : नाही चालणार, ताई. सासूबाईंची बहुधा वयोमानाची झीज असावी. जिना चढताना कळ येते, बसून उठल्यावर पाय आखडतो, पण थोडं चाललं की मोकळा होतो. त्यांना मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करायला लावा.

तुमची लक्षणं मात्र ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची वाटतात. यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उलटते. वेदनाशामकानं दुखणं दबतं, सांधा आतून खराब होतच राहतो. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञांना, लवकर दाखवा. आरए फॅक्टर ही या आजाराची रक्ततपासणी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नका, अँटी-सीसीपी ही दुसरी रक्ततपासणीही करतात.

निदान पक्कं झालं तर बहुधा मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध सुरू होईल. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची! चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं. मी तर पाकिटावर ठसठशीत ‘फक्त रविवार’ लिहून देतो, तरी दुकानदार कधीकधी ‘रोज एक’ सांगून मोकळे होतात. गुण यायला काही आठवडे लागतात. तेवढ्यात कंटाळून सोडू नका. रक्त आणि यकृताच्या तपासण्या सांगितल्या तेव्हा करा. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, गरोदरपणात हे औषध चालत नाही.