छप्पन्न सामने, .४०६ आणि एक चुकलेला निर्णय
वाचकांचे प्रश्न : बेसबॉलचे विक्रम

बेसबॉलवर प्रश्न मागवले, तेव्हा नागपुरातून आलेल्या बहुतेक पत्रांत विक्रमांचीच विचारणा होती. विक्रमाचा आकडा कोणत्या नियमाने मोजला हे कळल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही, म्हणून खालच्या उत्तरांत नियम आणि गणित जरा जास्त आले आहे.

प्रश्न : जो डिमॅजिओने सलग ५६ सामन्यांत हिट (चेंडू मारून सुरक्षितपणे बेस, म्हणजे मैदानातला थांबा, गाठणे) मारला. १९४१ पासून हा विक्रम कुणालाच का मोडता आला नाही? आणि एखाद्या सामन्यात नुसते वॉकच (चार वाईट चेंडूंमुळे मिळालेला फुकटचा बेस) मिळाले, तर मालिका तुटते का? (धरमपेठ)

न्यूयॉर्क यँकीजच्या डिमॅजिओची मालिका १५ मे ते १६ जुलै १९४१ अशी चालली. त्या ५६ सामन्यांत २२३ ॲट-बॅट (बॅटिंगच्या हिशेबात धरलेल्या संधी) आणि ९१ हिट, म्हणजे सरासरी .४०८. दर सामन्याला जवळपास चार संधी आल्या. आता ढोबळ हिशेब करा. एका संधीत हिट न मिळण्याची शक्यता .५९२. चारही संधी वाया जाण्याची शक्यता त्याचा चौथा घात, म्हणजे सुमारे .१२३. म्हणून सामन्यात किमान एक हिट मिळण्याची शक्यता .८७७ झाली. तिला ५६ वेळा तिनेच गुणले, की उरते साधारण दीड हजारात एक. म्हणजे .४०८ च्या फॉर्मात असलेल्या माणसालाही हे सहसा जमणारे नव्हे. सरासरी .३०० असलेल्या चांगल्या बॅटरसाठी हीच शक्यता ४७ लाखांत एकाच्या आसपास जाते. पिचर (चेंडू टाकणारा) रोज बदलतो, त्यामुळे खरे गणित याहून गुंतागुंतीचे आहे, पण विक्रम टिकण्याचे कारण यात दिसते. पीट रोझ १९७८ मध्ये ४४ पर्यंत पोहोचला. त्यानंतर तेवढेही कुणाला जमलेले नाही.

मालिका तुटली ती १७ जुलैच्या रात्री क्लीव्हलँडमध्ये, ६७,४६८ प्रेक्षकांसमोर. तिसऱ्या बेसवरच्या केन केल्टनरने रेषेजवळून सुटू पाहणारे दोन जोरदार फटके उलट्या हाताने अडवले आणि दोन्ही वेळा पहिल्या बेसवर लांब थ्रो करून डिमॅजिओला बाद केले. मधे एक वॉक मिळाला. आठव्या इनिंगमध्ये (सामन्याच्या नऊ डावांपैकी आठव्यात) शेवटची संधी डबल प्लेमध्ये, म्हणजे एका फटक्यावर दोघे बाद होण्यात, गेली. दुसऱ्या दिवसापासून डिमॅजिओने पुन्हा सलग १६ सामन्यांत हिट मारला, ही बाब सहसा कुणी सांगत नाही.

तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर नियमात स्पष्ट आहे. सामन्यातली प्रत्येक संधी वॉक, अंगावर चेंडू लागणे, क्षेत्ररक्षकाचा अडथळा किंवा सॅक्रिफाइस बंट (स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढे सरकवणारा हलका फटका) यांतच संपली, तर मालिका तुटत नाही. पण हिट नाही आणि सॅक्रिफाइस फ्लाय (झेल गेला तरी साथीदाराला धाव मिळवून देणारा उंच फटका) आहे, तर मालिका तिथेच संपते.

प्रश्न : टेड विल्यम्सची .४०६ ही सरासरी नेमकी कशी काढली? हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्याने बसून राहायला हवे होते का? (लक्ष्मीनगर, संख्याशास्त्राचा विद्यार्थी)

सरासरी म्हणजे हिट भागिले ॲट-बॅट. वॉक, अंगावर लागलेला चेंडू आणि सॅक्रिफाइस हे ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत. विल्यम्सला १९४१ मध्ये १४७ वॉक मिळाले आणि ते सगळे भागाकाराबाहेर राहिले.

२८ सप्टेंबर १९४१ च्या सकाळी त्याचे ४४८ ॲट-बॅटमध्ये १७९ हिट होते. भागाकार .३९९५५, तीन दशांश स्थळांपर्यंत .४००. बोस्टनचा मॅनेजर जो क्रोनिन याने त्याला न खेळण्याची मुभा दिली होती. विल्यम्स फिलाडेल्फियात त्या दिवसाचे दोन्ही सामने खेळला. आठ ॲट-बॅटमध्ये सहा हिट, एकूण ४५६ मध्ये १८५, म्हणजे .४०६. बसून राहिला असता तरी कागदावर .४०० लागले असते, पण त्या आकड्याला आजचा मान मिळाला नसता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थी म्हणून एक गोष्ट टिपून ठेवा. १९४१ मध्ये सॅक्रिफाइस फ्लायला सूट नव्हती. फ्लाय मारून साथीदाराला धाव मिळवून दिली, तरी ते बॅटरचे ॲट-बॅट धरले जाई. ही सूट १९५४ पासून मिळू लागली. म्हणजे विल्यम्सचा .४०६ आजच्यापेक्षा कडक नियमाखालचा आहे. दोन काळांतल्या सरासरी शेजारी ठेवताना आधी छेद तपासा.

प्रश्न : शाळेच्या बेसबॉल संघाचे स्कोअरबुक मी ठेवतो. सामना संपल्यावर बेरीज जुळत नाही. मोठ्या लीगमध्ये (अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये) ती कशी तपासतात? (सक्करदरा, क्रीडाशिक्षक)

सगळे विक्रम शेवटी याच कागदावर उभे असतात, म्हणून हे उत्तर सविस्तर देतो.

आधी स्थानांचे आकडे पक्के करा. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, डावे मैदान ७, मधले ८, उजवे ९. शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसला आणि तिथून पहिल्याला झालेला डबल प्ले ६-४-३ असा लिहायचा. शॉर्टस्टॉपचा ६ आणि तिसऱ्या बेसचा ५ यांची अदलाबदल ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

सामना संपल्यावर प्रत्येक संघासाठी दोन बेरजा करा. डावीकडे ॲट-बॅट, वॉक, अंगावर लागलेले चेंडू, सॅक्रिफाइस बंट, सॅक्रिफाइस फ्लाय आणि अडथळ्यामुळे मिळालेला बेस. उजवीकडे त्या संघाच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले खेळाडू आणि त्या संघाचे बाद. दोन्ही बाजू सारख्याच यायला हव्यात, कारण बॅटिंगला आलेला प्रत्येक जण धाव काढतो, बाद होतो किंवा अडकून राहतो. चौथी वाट नाही. उदाहरणार्थ ३३ ॲट-बॅट, ४ वॉक, १ सॅक्रिफाइस फ्लाय मिळून ३८ आणि ४ धावा, ७ अडकलेले, २७ बाद मिळूनही ३८. सात इनिंगचा पूर्ण सामना असेल तर बाद २१. यजमान संघ शेवटच्या इनिंगमध्ये मधेच जिंकला, तर जितके बाद प्रत्यक्ष झाले तितकेच धरा.

फरक आला तर पुढच्या जागा याच क्रमाने तपासा.

पहिली, अडकलेले खेळाडू. ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका) मारला आणि पुढच्या बेसवरचा साथीदार तिसरा बाद झाला, तर मारणारा बॅटरही अडकलेल्यांत मोजायचा. एकचा फरक बहुतेक वेळा इथलाच असतो.

दुसरी, सुटलेला तिसरा स्ट्राइक (बॅटरकडून हुकलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक, तीन झाले की एरवी तो बाद). पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन बाद झालेले असतील आणि कॅचरकडून चेंडू सुटला, तर बॅटर पळून बेस गाठू शकतो. तेव्हा पिचरला स्ट्राइकआउट मिळतो, बॅटरचे ॲट-बॅट लागते, पण बाद कुणीच नसतो. एकाच इनिंगमध्ये चार स्ट्राइकआउट लिहिलेले दिसतात ते यामुळेच. ती चूक समजून खोडू नका.

तिसरी, ज्यादा इनिंग. मोठ्या लीगमध्ये २०२० पासून नियमित हंगामाच्या दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर एक धावपटू आधीच उभा करतात. तुमच्या स्पर्धेत हा नियम असेल, तर बॅटिंग न करता आलेले हे धावपटू डावीकडच्या बेरजेत वेगळे मिळवावे लागतात.

एक इशारा. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे गाठलेला बेस हिट म्हणून लिहिला, तरी या दोन्ही बेरजा जुळतातच, कारण दोन्हीकडे ते ॲट-बॅटच असते. ही गफलत ताळ्यात सापडत नाही. हिट की चूक हे त्याच क्षणी ठरवून शाईने लिहा.

प्रश्न : नो-हिटर आणि परफेक्ट गेम यांत फरक काय? गालाराराबाबत नेमके काय झाले होते? (सदर)

नो-हिटरमध्ये प्रतिस्पर्ध्याला हिट मिळत नाही, पण वॉकवर किंवा चुकीमुळे बेसवर येता येते. परफेक्ट गेममध्ये कुणीच बेसवर येत नाही. २७ आले, २७ गेले. मोठ्या लीगच्या इतिहासात जून २०२३ पर्यंत असे २४ सामने झाले. वर्ल्ड सिरीजमध्ये (हंगामाच्या अंतिम मालिकेत) एकच, ८ ऑक्टोबर १९५६ ला यँकीजच्या डॉन लार्सनने ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध ९७ चेंडूंत साधलेला.

डेट्रॉइटचा पिचर आर्मांदो गालारागा (तुमच्या पत्रात आडनाव जरा बदलले आहे) २ जून २०१० ला क्लीव्हलँडविरुद्ध २६ जणांना बाद करून शेवटच्या बादासाठी उभा होता. २७ वा बॅटर जेसन डोनाल्ड याने ग्राउंडर मारला. पहिल्या बेसवर धावत आलेल्या गालारागाने थ्रो झेलला तेव्हा डोनाल्ड स्पष्ट बाद होता. पंच जिम जॉइस यांनी मात्र सुरक्षित असा निर्णय दिला. गालारागा फक्त हसला आणि पुढच्या बॅटरला बाद करून सामना ३-० ने संपवला. चित्रफीत पाहिल्यावर जॉइस यांनी चूक जाहीरपणे मान्य केली. दुसऱ्या दिवशी होम प्लेटवर (बॅटिंगच्या जागी) संघाची यादी त्यांच्या हाती द्यायला गालारागाच गेला.

तेव्हा चित्रफीत पाहून फेरतपासणी फक्त होमरनच्या (थेट सीमेपार गेलेल्या फटक्याच्या) सीमेवरच्या निर्णयांसाठी होती. बेसवरच्या निर्णयांना ती २०१४ पासून लागू झाली. आयुक्तांनी २०१० चा निकाल बदलला नाही, त्यामुळे नोंदीत तो एका हिटचा सामना आहे. गालारागावर अन्याय झाला हे खरे, तरीही निकाल तसाच ठेवणे आम्हाला योग्य वाटते. एक निर्णय नंतर फिरवला, तर शंभर वर्षांतले किती फिरवायचे, याला सीमा राहत नाही.

प्रश्न : होमरनचा खरा राजा कोण? तर्री-पोह्याच्या गाडीवर यावरून वाद झाला. (महाल)

आकड्यांत बॅरी बाँड्स : एका हंगामात ७३ (२००१), कारकिर्दीत ७६२. त्याच्या काळावर उत्तेजकांची गडद सावली आहे आणि तो हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या सन्मानदालनात) नाही. त्याआधी हँक ॲरनचे ७५५, त्याआधी बेब रूथचे ७१४.

रूथने १९२७ मध्ये ६० मारले तेव्हा हंगाम १५४ सामन्यांचा होता. १९६१ मध्ये अमेरिकन लीगने (मोठ्या लीगच्या दोन शाखांपैकी एकीने) तो १६२ चा केला आणि त्याच वर्षी रॉजर मॅरिसने ६१ मारले. तेव्हाचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी १५४ सामन्यांनंतरचा विक्रम वेगळा नोंदवावा अशी भूमिका घेतली. तीस वर्षांनी, १९९१ मध्ये, हा भेद काढून टाकला गेला. अमेरिकन लीगमध्ये मॅरिसला मागे टाकले ते आरन जजने, २०२२ मध्ये ६२ मारून.

जपानच्या सदाहारू ओह याचे ८६८ होमरन जगातल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये सर्वाधिक आहेत. ते जपानी लीगमधले असल्यामुळे अमेरिकन यादीत येत नाहीत, एवढेच. तिथला हंगाम तर आणखी लहान.

आमचे मत विचाराल तर ॲरन. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात पिचर अल डाउनिंगला ७१५ वा होमरन मारण्याआधी, एका गोऱ्या खेळाडूचा विक्रम एक कृष्णवर्णीय मोडतो आहे म्हणून त्याला ढिगाने द्वेषपत्रे आणि जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. तरी तो खेळत राहिला.

प्रश्न : कधीच मोडणार नाही असा विक्रम कोणता? (त्रिमूर्तीनगर)

साय यंगचे पिचर म्हणून ५११ विजय (१८९० ते १९११). आजचा पिचर हंगामात ३२-३३ सामन्यांच्या वर सुरुवात करत नाही. दरवर्षी २० असे २५ वर्षे जिंकला, तरी ५०० च होतात.

प्रश्न : कॅल रिपकेन २,६३२ सामने सलग खेळला म्हणजे प्रत्येक सामना पूर्ण खेळला का? (कामठी)

तशी अट नाही. मैदानात अर्धी इनिंग क्षेत्ररक्षण केले किंवा बॅटिंगची एक संधी पूर्ण केली की सामना मोजला जातो. नुसते बदली धावपटू म्हणून उतरणे चालत नाही. रिपकेनने मात्र यातले बहुतेक सामने पूर्णच खेळले. ३० मे १९८२ ला ही मालिका सुरू झाली, ६ सप्टेंबर १९९५ ला लू गेरिगचे २,१३० मागे पडले आणि सप्टेंबर १९९८ मध्ये रिपकेन स्वतःहून थांबला.

याच रिपकेनने व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वांत लांब सामनाही खेळला आहे. १८ एप्रिल १९८१ ला पॉटकेट येथे खालच्या लीगमधला पॉटकेट विरुद्ध रोचेस्टर हा सामना सुरू झाला. रात्री ठरावीक वेळेनंतर नवी इनिंग सुरू करू नये, हा लीगचा नियम त्या वर्षी पंचांच्या पुस्तिकेतून सुटला होता. पहाटे ४:०७ ला, ३२ इनिंग झाल्यावर, खेळ थांबवला तेव्हा १९ प्रेक्षक उरले होते. २३ जूनला ३३ वी इनिंग झाली, ती १८ मिनिटांत आटोपली. पॉटकेट ३-२ ने जिंकले. रोचेस्टरच्या रिपकेनला १३ ॲट-बॅटमध्ये दोन हिट मिळाले.

प्रश्न : जुने विक्रम नंतर बदलतात का? (हिंगणा रोड)

बदलतात. हॅक विल्सनचे १९३० मधले १९० आरबीआय (बॅटरने आपल्या फटक्याने मिळवून दिलेल्या धावा) १९९९ मध्ये १९१ करण्यात आले, कारण एक आरबीआय साथीदाराच्या नावावर गेला होता. मोठा बदल मे २०२४ मधला. कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या लीगचे दरवाजे बंद होते, तेव्हाच्या निग्रो लीगची आकडेवारी अधिकृत नोंदीत सामील झाली. जॉश गिब्सनची कारकिर्दीची सरासरी .३७२ धरली गेली आणि टाय कॉबचे .३६७ दुसऱ्या जागी गेले. हंगामाचा .४६६ हा उच्चांकही गिब्सनचाच, १९४३ चा. निग्रो लीगचे नोंदलेले हंगाम लहान होते, हा आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. पण ते लहान का राहिले, याचा दोष खेळाडूंचा नव्हता.

प्रश्न : एखादा भारतीय तिथे खेळला का? (मानेवाडा)

उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले. ते खालच्या लीगमध्ये खेळले, मोठ्या लीगपर्यंत पोहोचले नाहीत. क्रिकेटपटू रिंकू सिंग वेगळा.

प्रश्न : नागपुरात थेट सामना किती वाजता लागतो? (मनीषनगर)

उन्हाळी वेळेत न्यूयॉर्कच्या घड्याळात साडेनऊ तास मिळवा आणि लॉस एंजेलिसच्या घड्याळात साडेबारा. तिथल्या संध्याकाळी सातचा सामना म्हणजे आपल्याकडे अनुक्रमे पहाटे साडेचार आणि सकाळी साडेसात, पण दुसऱ्या दिवशीचे. हंगाम मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, त्यानंतर ऑक्टोबरमध्ये बाद फेऱ्या आणि वर्ल्ड सिरीज. नोंदवहीत तारीख नेहमी अमेरिकेचीच लिहा. ॲरनचा ७१५ वा होमरन ८ एप्रिलचा आहे, तो मारला गेला तेव्हा नागपुरात ९ एप्रिलची सकाळ होती.