वाटाघाटीच्या टेबलावर बसण्याआधी

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

कंत्राटातल्या दाव्यांवर तडजोडीसाठी सरकारी खात्याबरोबर बैठक ठरली, हे चांगलं झालं. पण दाव्याचा एकूण आकडा डोक्यात धरून जाऊ नकोस. खडकातली जादा खोदाई, बसून राहिलेली यंत्रं आणि खात्याने लावलेला विलंबाचा दंड यांचे डिसिजन ट्री, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर काय घडू शकतं आणि त्याची शक्यता किती हे दाखवणारे फांद्यांचे तक्ते, वेगवेगळे काढ.

यंत्रांचा दीड कोटीचा दावा घे. जागा उशिरा मिळाल्याची नोंद हिंडरन्स रजिस्टरमध्ये (कामातल्या अडथळ्यांच्या नोंदवहीत) आहे, म्हणून ते सिद्ध होण्याची शक्यता ०.८. मुदतीत नोटीस दिली, पण पोच सापडत नाही: ०.७. यंत्रं साइटवर होती याचं लॉगबुक अर्धवट: ०.६. सुटा पाहिला तर प्रत्येक आकडा बरा वाटतो, गुणाकार मात्र ०.३४ च्या आत. तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्या तरी स्वतःच्या यंत्रांना बाजारभावाचं भाडं क्वचितच मिळतं. सरासरी ९० लाख धर. म्हणजे आजच्या कागदांवर हा दावा सुमारे ३० लाखांचा आहे.

आता ०.७ च्या जागी ०.९५ घालून बघ. दावा ४१ लाखांवर जातो. एका पोचेची किंमत जवळपास ११ लाख! बैठकीआधी खात्याच्या आवक नोंदवहीची प्रत माहिती अधिकारात मागव. भाषणाच्या तयारीपेक्षा हे काम मोठं आहे.

शक्यता साइट इंजिनिअरला एकट्याला विचारू नकोस. त्याने ते भोगलंय, तो चढेच आकडे देणार. वकील आणि बिलिंगवाला यांच्याकडून स्वतंत्रपणे लिहून घे. फरक मोठा आला तर कागद उघडा, सरासरी काढू नका. आणि विलंब कोणाचा, या एकाच प्रश्नावर यंत्रं आणि दंड दोन्ही लटकलेत. तो हरलास तर दोन्हीकडे मार बसेल, म्हणून सर्वांत वाईट चित्र मांडताना ते एकत्र धर.

मग वेळ. बैठक फिसकटली तर प्रकरण लवादाकडे, म्हणजे कोर्टाबाहेरच्या पंचाकडे जाईल. लवाद कायद्याच्या कलम २९अ प्रमाणे त्याच्या निवाड्याला दोन्ही बाजूंच्या लेखी कैफियती पूर्ण झाल्यापासून १२ महिने, दोन्ही बाजूंच्या संमतीने आणखी ६. त्यानंतर कलम ३४ खाली कोर्टात आव्हान. तीन वर्षं आणि पैसे अडकल्याचा वर्षाला १२ टक्के दर धरलास तर ३० लाखांचे आज २१ लाख उरतात. करारात व्याजबंदी नसेल तर मिळू शकणारं व्याज मात्र त्यात मिळव. लवादाचा खर्च वजा केल्यावर उरेल ती तुझी खालची हद्द, त्याखाली तडजोड नाही. ती बैठकीआधी मालकांकडून लेखी घे.

शेवटी तोच डिसिजन ट्री खात्याच्या बाजूने काढ. कार्यकारी अभियंत्याला तुझं म्हणणं पटलं तरी ऑडिटच्या भीतीने तो सही करणार नाही. निवाडा विरोधात गेला तर व्याज आणि खर्चासह किती द्यावे लागतील, याचा एक पानी तक्ता त्याला दे, फाइलला तसाच लावता येईल असा.

तुझा,
सर