'उंबरठा' की 'सीमा'?

प्रश्न असा आला आहे: धातूवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, त्या प्रकाशविद्युत परिणामात 'थ्रेशोल्ड फ्रीक्वेन्सी' येते, म्हणजे प्रकाशाची ती वारंवारता, जिच्या खाली इलेक्ट्रॉन सुटतच नाहीत. तिला 'सीमा वारंवारता' म्हणावं की 'उंबरठा वारंवारता'? विचारणाऱ्याला 'उंबरठा' फार घरगुती वाटतो.

मी उंबरठ्याच्या बाजूचा. 'सीमा', 'मर्यादा' म्हटलं की आपल्याला आधी वरची हद्द आठवते, वेगमर्यादेसारखी. इथे उलट आहे: खाली काहीच घडत नाही, वर गेलं की घडतं.

जस्ताची पट्टी पॉलिश पेपरनं घासून लख्ख करा, सुवर्णपत्र विद्युतदर्शीवर (प्रभार दाखवणाऱ्या उपकरणावर) बसवा आणि तिला ऋण प्रभार द्या. आतली सोन्याची पानं फाकतात. समोर साधा बल्ब लावा, मग त्याहून प्रखर लावा, पानं ढिम्म. अतिनील दिवा लावला की मात्र ती मिटू लागतात, कारण इलेक्ट्रॉन सुटून ऋण प्रभार कमी होतो. मध्ये खिडकीची काच धरली की मिटायची थांबतात, कारण जस्ताला लागणारे किरण काच अडवते.

जस्तातून इलेक्ट्रॉन सुटायला सुमारे ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, आणि जांभळ्या प्रकाशाच्या एका पुंजाकडे, म्हणजे ऊर्जेच्या एका सुट्या गठ्ठ्याकडे, जेमतेम ३ असते. वारंवारता जितकी जास्त, तितका पुंज मोठा. अशा दोन पुंजांची बेरीज करून का भागत नाही? आइनस्टाइननं १९०५ मध्ये याचं उत्तर दिलं: इलेक्ट्रॉन एका वेळी एकच पुंज घेतो. उंबरठा तरी वेगळं काय सांगतो? तो एकाच पावलात ओलांडावा लागतो. अर्धं पाऊल आत्ता, अर्धं मग, असं चालत नाही. प्रकाशाची तीव्रता वाढवली की पावलं वाढतात, त्यांची उंची नाही. आपल्याकडे 'उंबरठे झिजवणे' म्हणतात ना, तेच साधा बल्ब तासन्‌तास करतो. जस्ताचा उंबरठा झिजत नाही! सोडियमचा बराच बुटका, २.३ च्या आसपास, म्हणून तिथे निळा प्रकाशही पुरतो. उंबरठ्याला उंची असते, सीमेला नसते, आणि धातूधातूंतला फरक सांगायला मला ही उंचीच हवी आहे.

घरगुती म्हणाल, तर शब्द जुना आणि भारदस्त आहे. संस्कृतात 'उदुंबर' या शब्दाचा एक अर्थ उंबरठा असाच आहे. 'शंभर उंबऱ्यांचं गाव' म्हणताना आपण घरंसुद्धा त्याच्यावरच मोजतो.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. 'उंबरठा वारंवारता' ही दोन नामांची नुसती शेजारशेजार मांडणी कानाला खटकते. षष्ठी लावा: 'जस्ताच्या उंबरठ्याची वारंवारता अतिनील पट्ट्यात येते.' वाक्य सरळ मराठी होतं.