जोकिचच्या शेजारी कोण शोभेल?

प्रश्न असा आहे: डेन्व्हर नगेट्सचा निकोला जोकिच संघात आहेच असं धरायचं, पगाराची मर्यादा आणि करार विसरायचे, आणि एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, कुठल्याही काळातले चार खेळाडू, ते ऐन भरात असतानाचे, उचलून त्याच्याभोवती उभे करायचे. शिवाय बाकावरून येणारा एक सहावा. आतापर्यंत आलेल्या उत्तरांत जॉर्डन, लेब्रॉन, ड्युरंट, यानिस, लुका ही नावं पुन्हा पुन्हा दिसतात. नावं मोठीच आहेत, पण ती 'सर्वांत मोठे खेळाडू कोण' या प्रश्नाचं उत्तर आहेत. जोकिचला कोण लागतं हे ठरवायचं तर आधी तो काय करतो ते बघायला हवं.

बहुतेक संघांत सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा सर्वांत उंच खेळाडू, हा हल्ल्याचा शेवट असतो. डेन्व्हरमध्ये तो सुरुवात आहे. फ्री-थ्रो रेषेच्या टोकाशी, ज्याला एल्बो म्हणतात तिथे, जोकिच पास घेतो आणि क्षणभर थांबतो. त्या क्षणात तीन गोष्टी एकाच वेळी शक्य असतात. त्याच्या बाजूने धावत येणाऱ्या गार्डला, म्हणजे बाहेरून चेंडू आणून खेळणाऱ्याला, हातातल्या हातात चेंडू द्यायचा. त्या गार्डचा बचावपटू पुढे घुसला, तर मागून बास्केटकडे कापणाऱ्याला पास. आणि मदतीला तिसरा माणूस आत सरकला, तर समोरच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या नेमबाजाकडे, एका हाताने, डोक्यावरून. चेंडूला सर्वाधिक वेळा हात लागणाऱ्या खेळाडूंत तो असतो, पण दर वेळी चेंडू त्याच्या हातात फार रेंगाळत नाही. हे त्याच्या खेळाचं मर्म आहे. म्हणून ज्याला पास मिळाल्यावर आधी चार ड्रिबल मारून अंदाज घ्यायची सवय आहे, तो कितीही गुणी असला तरी त्याच्यापाशी येऊन हल्ला थबकतो.

डेन्व्हरचे घरचे सामने आपल्याकडे सकाळी साडेसहा-साडेसातच्या सुमारास सुरू होतात. एकदा एक पूर्ण क्वार्टर चेंडूकडे न बघता बाकीच्या चौघांकडे बघा. 2023 चा विजेता संघ बघितलात तर उत्तमच. प्लेऑफमध्ये 16 विजय, 4 पराभव, आणि अंतिम फेरीत मायामीवर 4-1. त्या पाचांत जोकिच सोडून एकही ऑल-स्टार, म्हणजे मोसमातल्या निवडक सर्वोत्तमांच्या सामन्यात खेळलेला, नव्हता. जमाल मरेबरोबर जोकिचचा दोघांचा खेळ होता, ज्यात स्क्रीन कोण लावणार, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवं कोण उभं राहणार, आणि चेंडू कोण आणणार हे दोघं सहज बदलून घेत. त्या अंतिम फेरीच्या तिसऱ्या सामन्यात दोघांनीही तीस-तीसच्या वर गुण करून ट्रिपल-डबल केलं, म्हणजे आकडेवारीच्या तीन रकान्यांत प्रत्येकी किमान दहा. एकाच संघातल्या दोघांनी एकाच सामन्यात असं करण्याची ती एनबीएमधली पहिलीच वेळ. आरन गॉर्डन ऑर्लँडोत स्वतः चेंडू घेऊन खेळायचा; 2021 मध्ये डेन्व्हरला आल्यावर तो बेसलाइनला, बास्केटच्या बाजूला जाऊन थांबला आणि पासची वाट बघू लागला. मला वाटतं, त्या संघातला सर्वांत मोठा त्याग त्याचा होता. मायकेल पोर्टर ज्युनिअरची उंची आणि नेम, कॉल्डवेल-पोपचा कोपऱ्यातला थ्री (तीन गुणांचा लांबचा शॉट), आणि बाकावरून ब्रूस ब्राउन.

या संघाची दुसरी बाजू बचावाची, आणि तिच्याकडे चाहत्यांचं हमखास दुर्लक्ष होतं. जोकिच उडी मारून शॉट अडवणारा सेंटर नाही. पिक अँड रोलवर, म्हणजे समोरचा उंच खेळाडू चेंडूवाल्यासाठी स्क्रीन लावून बास्केटकडे वळतो त्या डावावर, डेन्व्हर त्याला बहुतेक वेळा वर, स्क्रीनच्या पातळीवर उभं करतं. तिथे त्याचे हात चपळ आहेत, अंदाज पक्का आहे, तो चेंडू बरेचदा हिसकावतो. पण तो वर आला की मागे बास्केट उघडं. ते झाकायला विरुद्ध बाजूच्या खेळाडूने वेळेवर आत यायचं, आणि त्याने सोडलेल्या माणसाकडे आणखी कोणी तरी धावायचं. कबड्डीत कोपऱ्याने घोट्याला हात घातला की कव्हरने विचार न करता झेपावायचं असतं, तसंच हे. अर्धा सेकंद उशीर झाला की गुण गेला. 2024 मध्ये कॉल्डवेल-पोप ऑर्लँडोला गेला. स्क्रीनमधून धडपडत, चेंडूवाल्याच्या मागे चिकटून राहणारा तो गडी होता. तो गेल्यावर जोकिचवरचा भार किती वाढला ते सलग सामने बघणाऱ्याला दिसत होतं.

तर माझी निवड. पॉइंट गार्ड स्टेफ करी, 2016 चा. त्या मोसमात त्याने 402 थ्री मारले आणि एमव्हीपीची, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या किताबाची, सगळी मतं त्याला मिळाली, पण मी त्याला घेतो ते चेंडू हातात नसतानाच्या धावण्यासाठी. पास दिल्यावर करी थांबत नाही, उलट तिथूनच त्याचं काम सुरू होतं. गोल्डन स्टेटमध्ये काय व्हायचं आठवा: करीवर दोघं धावून जायचे, तो चेंडू ड्रेमंड ग्रीनला द्यायचा, आणि ग्रीनसमोर चौघांविरुद्ध तीन बचावपटू उरायचे. ग्रीन पास उत्तम करायचा. तो स्वतः शॉट घेणार नाही हे गृहीत धरून बचाव मात्र मागे सरकू शकायचा. त्या जागी जोकिचला ठेवा. तो तिथून एका पायावर मागे झुकून शॉट टाकेल, फ्लोटर, म्हणजे हलका उंच शॉट, टाकेल, नाहीतर कोपऱ्यात पास देईल. बास्केटबॉलमध्ये याहून अवघड प्रसंग बचावापुढे उभा करता येईल असं मला वाटत नाही. मरेला बाहेर ठेवताना जीव तुटतो, कारण त्या दोघांची समज वर्षानुवर्षांच्या सहवासातून आलेली आहे. पण करीची दहशत थ्रीच्या रेषेच्या कितीतरी बाहेरपासून सुरू होते, आणि तेवढी जागा जोकिचला आजवर कोणीच मिळवून दिलेली नाही.

करी घेतला की एक अडचण सोबत येते. प्रतिस्पर्धी दर वेळी करी आणि जोकिच या दोघांनाच पिक अँड रोलमध्ये ओढणार. म्हणून उरलेल्या तिघांत बचावाला तडजोड नाही.

दुसरा गार्ड क्ले थॉम्पसन, दुखापतींच्या आधीचा, 2015 ते 2019 मधला कुठलाही. गोल्डन स्टेटमध्ये समोरच्या संघाचा मुख्य पॉइंट गार्ड तो अंगावर घ्यायचा, त्यामुळे करीला कमी धोकादायक माणूस सांभाळायला मिळायचा. ही व्यवस्था आयती मिळते आहे. आणि हल्ल्यात, जोकिचसाठी घडवलेला याच्यापेक्षा योग्य नेमबाज मला सुचत नाही. डिसेंबर 2016 मध्ये इंडियानाविरुद्ध त्याने 29 मिनिटांत 60 गुण केले, त्यात सगळे मिळून ड्रिबल होते 11, आणि चेंडू त्याच्या हातात जेमतेम दीड मिनिट होता. जोकिचच्या हातून चेंडू घेऊन, त्याच्याच रुंद खांद्याआडून वर उठणारा क्ले डोळ्यांसमोर आणा.

इथे जॉर्डन का नाही म्हणून वाद होणार, तर सांगतो. शिकागोच्या ट्रँगल हल्ल्यात जॉर्डन चेंडूविना खेळायला शिकला होता, कापायला शिकला होता. तो या संघात बसेल, आणि हा संघ जिंकेलही. पण शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू जोकिचच्या हातातून जॉर्डनच्या हातात जाईल आणि तिथेच राहील. मग जोकिचभोवती संघ बांधला असं कसं म्हणायचं? लेब्रॉनबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. लुकाबद्दल तर जास्तच, कारण तो सावकाश, चेंडू हातात ठेवून, समोरच्याला पाठीवर घेऊन खेळतो. दोन महान सूत्रधार आणि चेंडू एकच.

स्मॉल फॉरवर्डला कवाय लेनर्ड, पण 2014 चा. टोरोंटोत विजेतेपद मिळवून देणारा 2019 चा कवाय नको. तो मधल्या टप्प्यात चेंडू घेऊन, एकास एक खेळून गुण काढणारा होता. सॅन अँटोनियोचा 22 वर्षांचा कवाय पासिंगवर जगणाऱ्या संघात वाढत होता. कोपऱ्यातला थ्री मारायचा, रिकाम्या जागेत कापायचा, आणि अंतिम फेरीत लेब्रॉनला सांभाळून फायनल्स एमव्हीपी झाला. पुढच्याच मोसमात तो सर्वोत्तम बचावपटू ठरला. ते प्रचंड पंजे पासच्या वाटेत आले की चेंडू सुटतो, आणि सुटलेला चेंडू जोकिचकडे आला की तो कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला पुढे पळणाऱ्याच्या हातात पडलेला असतो. जोकिच सर्बियाचा, वॉटर पोलोच्या देशाचा, आणि वॉटर पोलोतल्यासारखा तो लांब फेकीचा पास मला त्याच्या सगळ्या पासांत अधिक आवडतो.

पॉवर फॉरवर्डवर माझा सर्वाधिक वेळ गेला. यानिसची बाजू खरंच भक्कम आहे. विरुद्ध बाजूने झेपावून शॉट अडवणं हे त्याचं बलस्थान, म्हणजे जोकिचच्या मागे हवं तेच. पण 2021 चं विजेतेपद त्याने जिंकलं तेव्हा शेजारी ब्रूक लोपेझ होता, जो हल्ल्यात थ्रीच्या रेषेबाहेर उभा राहायचा आणि बचावात बास्केटखाली. जोकिच यातलं पहिलं करेल, दुसरं नाही. आणि दूरच्या शॉटची भीती नसल्यामुळे यानिसचा बचावपटू आतच थांबेल, नेमका कापणाऱ्यांच्या वाटेत. 2025 च्या प्लेऑफमध्ये हे दिसलं. रसेल वेस्टब्रुक जोकिचच्या पासवर सुंदर कापायचा, पण तो थ्रीच्या रेषेवर उभा असला की बचाव त्याला मोकळा सोडून जोकिचभोवती गर्दी करायचा. ओक्लाहोमा सिटीविरुद्धची ती मालिका सात सामन्यांपर्यंत गेली आणि सातवा डेन्व्हरने 125-93 असा गमावला.

म्हणून 2020 चा अँथनी डेव्हिस. त्याला सेंटर खेळायला फारसं आवडत नाही, शेजारी दुसरा उंच माणूस हवा असतो, आणि इथे तो आहेच. विरुद्ध बाजूने येऊन शॉट अडवतो, आपला माणूस सोडून गार्डसमोर उभा राहू शकतो, वर फेकलेला पास हवेत पकडून डंक करतो, आणि हे सगळं एकही ड्रिबल न मारता. त्या वर्षी त्याचा बाहेरचा शॉटही लागत होता. डेन्व्हरच्या चाहत्यांना ते सांगायला नको: वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीतल्या दुसऱ्या सामन्यात, जोकिचने संघाचे शेवटचे बारा गुण एकट्याने केल्यानंतर, घड्याळ संपता संपता डेव्हिसने त्याच्याच डोक्यावरून थ्री मारला होता. डेव्हिसचे लेकर्स जिंकले, 105-103. केव्हिन गार्नेट मला माणूस म्हणून, बोलका बचावपटू म्हणून अधिक प्रिय आहे. पण गार्नेटची आवडती जागा एल्बोच्या आसपासची, आणि तिथे जोकिच उभा आहे.

डेव्हिस घेण्याचा आणखी एक फायदा आहे. जोकिच बाकावर बसला की डेन्व्हरची आघाडी वितळते, हे दुखणं जुनं आहे. इथे तो बसला तर डेव्हिस सेंटर होईल आणि करीबरोबर साधा पिक अँड रोल खेळेल. दहा-बारा मिनिटं त्यावर निभावतात.

हा संघ कुठे अडेल तेही सांगतो. 2000 च्या आसपासचा शकील ओ'नील समोर आला तर जोकिच त्याच्या वजनाला टिकेल, पण फाउलमध्ये अडकेल, आणि डेव्हिसला रोज रात्री ती धडक सोसायला लावणं योग्य नाही. तिथे दुहेरी बचाव करून बाहेरचे शॉट पत्करावे लागतील.

सहावा आंद्रे इग्वोडाला. 2012-13 चा मोसम तो डेन्व्हरमध्येच खेळला, मग गोल्डन स्टेटला गेला. जोकिचला डेन्व्हरने निवडलं 2014 मध्ये, 41 व्या क्रमांकावर, आणि तो प्रत्यक्ष आला त्याच्या पुढच्या वर्षी. दोघांची गाठ थोडक्यात हुकली. 2014-15 मध्ये, आधीची सगळी वर्षं सुरुवातीच्या पाचांत खेळलेल्या इग्वोडालाने बाकावरून यायचं मान्य केलं आणि त्याच मोसमात फायनल्स एमव्हीपी झाला. ब्रूस ब्राउन 2023 मध्ये जे करायचा, म्हणजे चेंडू वर आणणं, मोठ्या फॉरवर्डला अडवणं, पुढच्या पासचा अंदाज घेऊन आधीच कापायला निघणं, ते तो जास्त ताकदीने करेल. सामना अटीतटीचा असेल आणि समोरचा संघ करीलाच लक्ष्य करत असेल, तर शेवटच्या बचावाला करीला बसवून मी त्याला आत आणेन, आणि टाइमआउट मिळाला की करी परत.