ठाण्यात मुलीला घरीच शिकवणार आहोत, ती सात वर्षांची आहे. पहिला दिवस किती तासांचा ठेवावा?
दीड तास पुरे, तोही दोन तुकड्यांत. घरी हजेरी नाही, इतरांसाठी थांबणं नाही. शिवाय या वयात एका बैठकीत १५-२० मिनिटंच नीट लक्ष लागतं. सकाळी २० मिनिटं मोठ्याने वाचन (ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत), थोडी सुट्टी, मग २० मिनिटं गणित. संध्याकाळी जांभळी नाक्याच्या बाजारात १०० रुपये तिच्याच हातात द्या: पावकिलोचा भाव, उरलेले सुटे पैसे, सगळं तिने मोजायचं. हा भाग अजिबात गाळू नका. शाळेचं अख्खं वेळापत्रक घरात आणलं की दुपारपर्यंत दोघंही वैतागतात. मात्र पुढे दहावी एनआयओएसमधून (शाळेत न जाता परीक्षा देता येणारं केंद्र सरकारचं मुक्त शिक्षण मंडळ) द्यायची असेल, तर प्रवेशाला १४ वर्षं पूर्ण लागतात. जन्मदाखला जपून ठेवा.