चावीचा माग काढताना

शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कसे बदलत गेले याचा माग काढायला एकाच शब्दापासून सुरुवात करतोयस हे उत्तम. मी तर म्हणेन, ‘चावी’च घे. आपल्याकडे ती पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून आली. मूळ लॅटिन ‘क्लाविस’. पण माग काढताना कर्ताविभक्ती सोड, कर्मविभक्तीचं ‘क्लावेम’ धर. रोमान्स भाषांतली, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या भाषांतली, बहुतेक नामं तिथूनच निघतात.

आता सुरुवातीचा ‘क्ल’ बघ. इटालियनमध्ये ‘क्यावे’, स्पॅनिशमध्ये ‘याव्हे’, पोर्तुगीजमध्ये आज ‘श’. पण पोर्तुगीजांचा हा ‘श’ पूर्वी ‘च’ होता, म्हणून आपल्या चावीत ‘च’ टिकला! फ्रेंचने मात्र ‘क्ल’ तसाच ठेवला: ‘क्ले’. लिहिताना शेवटी ‘एफ’ लावतात कधीकधी, उच्चारात तो नाही. एका शब्दावर नियम ठरवू नकोस, ‘हाक मारणे’ हे क्रियापदही ताडून बघ: लॅटिन ‘क्लामारे’, इटालियन ‘क्यामारे’, स्पॅनिश ‘यामार’, पोर्तुगीज ‘शमार’. जुळलं ना?

स्पॅनिश ‘क्लावे’ दिसला की गोंधळशील. तो तोंडी परंपरेतून झिजत आलेला नाही, शिकलेल्यांनी लॅटिनमधून नंतर थेट उचललेला आहे. अशी जोडकी बरीच सापडतील, दोघांची वेगळी नोंद ठेव.

अर्थ तर कुठल्या कुठे जातात. स्पॅनिश ‘याव्हे’ म्हणजे चावी, पाना, कुस्तीतली पकड आणि महिरपी कंससुद्धा, मेक्सिकोत नळही. त्यामुळे शब्दकोशातला पहिलाच अर्थ उतरवून मोकळा होऊ नकोस. आणि लवंगेचा ‘क्लावो’ इथे घुसडू नकोस, तो खिळ्याच्या ‘क्लावुस’वरून आलाय.