सोलापुरात हिशेब-जीएसटीचं काम करणाऱ्यानं सोशल मीडिया कसा वापरावा?

तुमचे चाळीसेक ग्राहक, बहुतेक टॉवेल-चादरीच्या धंद्यातले, आणि प्रश्न असा की सोशल मीडियावर नेमकं टाकायचं काय. फेसबुकचं पान नंतर बघा, आधी व्हॉट्सअ‍ॅप नीट लावा.

ग्राहकांचा ग्रुप काढू नका. एकाच धंद्यातली माणसं, त्यात कुणीतरी घाईत सुताच्या खरेदीचं बिल तिथंच टाकतो आणि त्याचा भाव शेजारच्या कारखानदाराला कळतो. ब्रॉडकास्ट यादी करा, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगळा जातो आणि ग्राहक एकमेकांना दिसत नाहीत. एका यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. तेव्हा काम घेतानाच समोर बसून सेव्ह करून घ्या.

नुसती तारीख कळवून कुणी हलत नाही, काय आणून द्यायचं ते लिहा. दरमहा विवरण भरणाऱ्यांना 3 तारखेला: ‘विक्रीची बिलं 7 पर्यंत पाठवा.’ म्हणजे 11 ला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं विवरण, आरामात जातं. 14 ला टूबी (जीएसटीआर-2बी) तयार होतं, म्हणजे विकणाऱ्यांनी चढवलेल्या बिलांवरून ग्राहकाला मिळणाऱ्या क्रेडिटचा, खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचा, तक्ता. 15 ला ज्याचं त्याला, खाजगीत, कुठल्या सूतवाल्याचं बिल त्यात दिसत नाही ते कळवा. तो सूतवाला तिमाही विवरण भरणारा असेल, तर बहुधा त्यानं 13 पर्यंत आयएफएफमध्ये (तिमाहीवाल्यांना मधल्या महिन्यांची बिलं चढवायची पोर्टलवरची सोय) बिल चढवलेलं नसतं. हा निरोप सगळ्यात मोलाचा, कारण क्रेडिट अडकलं की 20 तारखेच्या थ्रीबीला (कर भरायचं मासिक विवरण, जीएसटीआर-3बी) तेवढा कर रोखीनं भरावा लागतो. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या ग्राहकांना हेच तेलुगूत, अर्ध्या मिनिटाच्या व्हॉइस निरोपानं सांगा. लांबलचक मजकूर ते वाचत बसणार नाहीत.

‘रिटर्न भरलं’ म्हणून पोर्टलचा स्क्रीनशॉट स्टेटसला कधीच टाकू नका. नाव खोडलं तरी जीएसटी क्रमांक राहतो, आणि त्यातली राज्याच्या 27 नंतरची 10 अक्षरं म्हणजे ग्राहकाचा पॅन. शेजारी उलाढाल असतेच.

मुदतवाढीचे फॉरवर्ड अधिसूचनेचा क्रमांक सरकारी संकेतस्थळावर सापडेपर्यंत कुणाला पुढं पाठवू नका. खोट्या मुदतवाढीवर विसंबलेल्याला थ्रीबीचं विलंब शुल्क दिवसाला 50 रुपये, विवरण निरंक (व्यवहारच नसलेलं) असेल तर 20, आणि थकलेल्या करावर वार्षिक 18 टक्के व्याज पडतं.

तुम्ही सीए असाल तर आणखी एक. 1949 च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याची पहिली अनुसूची ग्राहक मागण्यावर आणि जाहिरातीवर बंधनं घालते. ‘सवलतीत रिटर्न भरून मिळेल’ असली पोस्ट तर नकोच, आणि फेसबुकवर काहीही टाकण्याआधी सीएंच्या संस्थेची (आयसीएआय) चालू मार्गदर्शक तत्त्वं वाचून घ्या.